मासा तपासून सुरक्षित होत नाही

मत्स्यशेतीतल्या माशांत प्रतिजैविकांचे अवशेष सापडल्याची बातमी आली की एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, तळ्यात किंवा पिंजऱ्यात वाढवलेला मासा म्हणजे औषधांवर पोसलेला मासा. खायचाच असेल तर समुद्रातला खावा. दुसरी बाजू म्हणते, हा सगळा कांगावा आहे. आयातदार देशांना आपल्या उत्पादकांची बाजारपेठ राखायची असते आणि प्रयोगशाळेचा अहवाल हे त्यांचे हत्यार असते. तिसरा सूर सरकारी यंत्रणांचा: नमुने वाढवू, तपासण्या कडक करू, दोषींवर कारवाई करू. तिन्ही बाजू मनापासून बोलत असतील, पण तिघींचा रोख चुकीच्या जागी आहे. मासा शेतीतला आहे की समुद्रातला, यावरून तो सुरक्षित आहे की नाही हे कळत नाही. आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला बसून कितीही नमुने तपासले तरी तो सुरक्षित होत नाही. बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्ले, कुठून आले, पाणी कसे आहे, खाद्यात काय आहे, रोग आला तेव्हा शेतकऱ्याच्या शेजारी कोण उभे होते आणि मासा मेल्यानंतर किती वेळात बर्फात गेला, यावर सगळे ठरते. नेमक्या याच ठिकाणी पैसा सगळ्यात कमी पोचतो.

हा वाद आता चार जाणकारांपुरता राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये मत्स्यशेतीतून मिळालेल्या जलचर प्राण्यांचे उत्पादन ९.४४ कोटी टनांवर गेले आणि प्रथमच ते मासेमारीच्या पुढे निघाले. समुद्रातून आणि नद्यांतून पकडल्या जाणाऱ्या माशांचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास तिथेच थबकले आहे. म्हणजे जगाला यापुढे जो जादा मासा लागेल तो बहुतांशी शेतीतूनच येणार. 'समुद्रातलाच खा' हा सल्ला थोड्यांनी पाळला तर निभेल. सगळ्यांनी पाळायचे ठरवले तर समुद्र पुरणार नाही. मग उरलेल्यांनी काय खायचे, याचे उत्तर हा सल्ला देत नाही.

तरीही या सल्ल्यामागे काहीच तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे सातशे सॅल्मन माशांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेतीतल्या सॅल्मनमध्ये पीसीबी आणि डायॉक्सिनसारखी क्लोरीनयुक्त प्रदूषके समुद्रातल्या सॅल्मनपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळली आणि युरोपात वाढवलेल्या माशांत ती विशेष जास्त होती. मत्स्यशेतीच्या विरोधकांच्या हाती आलेला हा सर्वांत भक्कम पुरावा होता आणि तो खोडून काढता येत नाही. पण ही प्रदूषके पिंजऱ्यात आली कुठून, हेही विचारायला हवे. ती आली खाद्यातून. सॅल्मनच्या खाद्यात तेव्हा मासळीचे तेल मोठ्या प्रमाणात असे, आणि ते तेल काढले जाई समुद्रात पकडलेल्या लहान माशांपासून. उत्तर युरोपाच्या प्रदूषित पाण्यातल्या लहान माशांच्या चरबीत जे साठले होते तेच तेलात उतरले आणि तेलातून सॅल्मनमध्ये. दोष समुद्रातल्या माशाचाच होता, तो शेतीतल्या माशाच्या अंगात सापडला इतकेच. पुढे खाद्यात वनस्पती तेलांचे प्रमाण वाढले, तशी या प्रदूषकांची पातळी खाली आली. त्याची किंमतही मोजावी लागली. स्कॉटलंडमधल्या शेतीतल्या सॅल्मनमध्ये २००६ ते २०१५ या काळात उपयुक्त लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले जवळपास निम्म्यावर आली. खाद्याची कृती बदलली की माशाचे गुण आणि दोष दोन्ही बदलतात. म्हणजे 'शेतीतला मासा' असा एकच एक मासा नसतोच. तो त्याच्या खाद्याइतका आणि पाण्याइतकाच चांगला किंवा वाईट असतो.

आणि समुद्रातला मासा? मिथाइल पाऱ्याचे सर्वाधिक प्रमाण आढळते ते शार्क, तलवार मासा, मोठा ट्यूना अशा दीर्घायुषी शिकारी माशांत, आणि ते बहुतेक सगळे समुद्रातून पकडलेले असतात. जपानमधल्या मिनामाताच्या कोळ्यांनी खाल्लेला मासा कुठल्या तळ्यात वाढला नव्हता. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून उपसागरात पारा जात होता. त्या पाऱ्याच्या विषबाधेतून आलेल्या, मज्जासंस्था निकामी करणाऱ्या आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. जपान सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये, आणि तोवर सांडपाणी सोडणे चालूच राहिले. मधल्या काळात कोळी मासे पकडत होते, लोक खात होते, मुले जन्मतःच अपंग होत होती. त्या नऊ वर्षांत कमतरता माशाच्या तपासणीची नव्हती. कारण माहीत असूनही सांडपाण्याचा नळ कुणी बंद केला नाही. परजीवींची गोष्ट तर उलटच आहे. कच्च्या माशातून माणसाच्या पोटात जाणारा अनिसाकिस हा कृमी समुद्रातल्या माशांत सर्रास आढळतो. कोरड्या कारखानी खाद्यावर वाढलेल्या सॅल्मनला त्याचा संसर्ग होण्याची संधीच फारशी नसते. म्हणूनच कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवण्याची युरोपीय नियमांची अट, असे खाद्य दिलेल्या शेतीतल्या माशाला काही शर्तींवर शिथिल होते. मग सुरक्षित कोण?

शिंपल्यांच्या बाबतीत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटला होता, आणि तो ज्या पद्धतीने सुटला ती पद्धत आजच्या वादात कुणाला आठवत नाही याचे मला वाईट वाटते. १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन या शहरांत विषमज्वराची साथ आली. सुमारे दीड हजार लोक आजारी पडले आणि दीडशेच्या आसपास दगावले. माग काढता काढता तपास कालवांपाशी, म्हणजे एका जातीच्या शिंपल्यांपाशी, पोचला. कालव दिवसभर पाणी गाळत असते. पाण्यात मैला असेल तर त्यातले जंतू त्याच्या अंगात साठतात. त्या वेळी प्रत्येक पेटीतली चार कालवे तपासायची असा नियम करता आला असता. पण १९२५ मध्ये अमेरिकेत जी व्यवस्था उभी राहिली तिने आधी पाण्याकडे पाहिले. जिथे कालवे वाढतात ते पाणी तपासायचे, त्याची प्रतवारी लावायची, दूषित पाण्यातून काढणीच बंद करायची आणि प्रत्येक खेपेवर ती कुठून आली हे लिहायचे. ही शिस्त जिथे नव्हती तिथे काय होते ते १९८८ मध्ये शांघायने पाहिले. मैलापाण्याने दूषित किनाऱ्यावरचे शिंपले अर्धेकच्चे खाल्ल्याने सुमारे तीन लाख लोकांना 'अ' प्रकारची कावीळ झाली. आणि पाणी स्वच्छ असले म्हणजे झाले असेही नाही. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शेतीतले शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काहींची स्मृती कायमची गेली, काही दगावले. कारण होते डोमोइक आम्ल, एका सूक्ष्म शैवालाने तयार केलेले विष. मैला नाही, कारखाना नाही, औषध नाही. त्यानंतर शैवालांवर नजर ठेवणे हा शिंपलेशेतीचा नेहमीचा भाग झाला. तिन्ही घटनांत उत्तर ताटात सापडले नाही, ते पाण्यात शोधावे लागले.

आता औषधांकडे येऊ, कारण खरा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकामुळे क्वचित का होईना, अस्थिमज्जा निकामी होण्याचा जीवघेणा आजार होतो आणि त्याची सुरक्षित मात्रा ठरवता आलेली नाही. नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविके आणि मॅलाकाइट ग्रीन हे बुरशीवर वापरले जाणारे रंगद्रव्य यांच्याबद्दल कर्करोगाची शंका आहे. ही द्रव्ये अन्नात नकोतच, यावर दुमत नाही. पण शेतकरी ती का वापरतो, हे विचारल्याशिवाय ती जाणार नाहीत. तळ्यातली कोळंबी खाणे सोडते, काठाशी येऊन सुस्त पडते, दोन-तीन दिवसांत पीक हातचे जाण्याची वेळ येते. बीज उसने, खाद्य उधारीवर, आणि पुष्कळ ठिकाणी खाद्य देणारा दलालच औषधही विकतो. जवळपास रोगनिदान करणारा कुणी नसतो. अशा वेळी शेतकरी जे हाती लागेल ते पाण्यात टाकतो. त्यात किती वाया जाते? आजारी मासा खातच नाही, म्हणून खाद्यातून दिलेले औषध मुख्यतः निरोगी माशाच्या पोटात जाते, उरलेले तळाशी बसते आणि तिथल्या जिवाणूंना प्रतिकार शिकवते. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूमुळे होतो, त्यावर प्रतिजैविक चालतच नाही. २००९ च्या सुमारास चीनमध्ये आणि नंतर व्हिएतनाम, थायलंड इथे कोळंबीची तळीच्या तळी रिकामी करणारा यकृताचा रोग आला. त्याचे कारण एक विशिष्ट व्हिब्रिओ जिवाणू आहे हे २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने दाखवून दिले. तोवरची काही वर्षे शेतकरी कशाशी लढतो आहोत हे न कळताच लढत होता. या माणसाला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे. त्याला सूक्ष्मदर्शक आणि निरोगी बीज पुरवणे कष्टाचे आहे, पण औषध सुटेल ते त्यानेच.

नॉर्वेचे उदाहरण यासाठी पुन्हा पुन्हा सांगावे असे आहे. १९८७ मध्ये तिथे सुमारे ५० हजार टन शेतीतल्या माशांसाठी जवळपास ५० टन प्रतिजैविके वापरली गेली, म्हणजे टनामागे किलोभर. आज उत्पादन १५ लाख टनांच्या आसपास आहे आणि प्रतिजैविकांचा वार्षिक वापर एका टनाच्याही आत असतो. हे दंड वाढवून झाले नाही. व्हिब्रिओसिस आणि फुरुन्क्युलोसिस या रोगांवर परिणामकारक लसी आल्या, शेतांमधली अंतरे पाळली गेली, हंगामांच्या मध्ये पिंजरे रिकामे ठेवले गेले, औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळेनासे झाले आणि प्रत्येक चिठ्ठीची नोंद होऊ लागली. रोग कमी झाला म्हणून औषध कमी झाले. यावर आक्षेप येतो की श्रीमंत देशाला जमले ते इतरांना कसे जमावे, आणि लस प्रत्येक रोगावर निघत नाही. दोन्ही खरे आहे. चिलीमध्येही सॅल्मनच वाढवतात, पण तिथल्या पिसिरिकेट्सिया जिवाणूवर टिकाऊ लस न मिळाल्याने वर्षाला शेकडो टन प्रतिजैविके लागतात. कोळंबीच्या शरीरात तर माशासारखी रोग लक्षात ठेवणारी प्रतिकारशक्तीच नसते, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने तिला लस टोचता येत नाही. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? जिथे लस नाही तिथे रोगमुक्त बीज, कमी दाटी, येणाऱ्या पाण्याची साठवण आणि प्रक्रिया, एकमेकांचे सांडपाणी एकमेकांच्या तळ्यात जाऊ न देणारी आखणी यांवर अधिक खर्च करावा लागेल. अवशेषांच्या तपासण्या दुप्पट केल्याने यातले एकही काम होत नाही.

तपासणीवरचा हा विश्वास मुळात कशावर उभा आहे? साधे गणित करून पाहा. एखाद्या खेपेतले शंभरातले एक खोके दूषित आहे. पाच नमुने घेतले तर एकही दूषित खोके हाती न लागण्याची शक्यता ९५ टक्के. साठ नमुने घेतले तरी ती ५५ टक्के उरते. अमेरिकेच्या शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये नोंदवले की २००९ साली आयात सागरी अन्नापैकी जेमतेम ०.१ टक्का मालाची औषधांच्या अवशेषांसाठी तपासणी झाली होती. हा भ्रष्टाचार नाही, ही या पद्धतीची मर्यादा आहे. १९६० च्या आसपास पिल्सबरी कंपनी आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने नासासाठी अंतराळवीरांचे अन्न बनवायला घेतले तेव्हा याच भिंतीशी गाठ पडली. अन्न निर्धोक आहे याची तपासणीतून खात्री करायची तर बनवलेल्या मालातला बहुतांश भाग तपासणीतच संपत होता. त्यातून हॅसप ही पद्धत निघाली: धोका कुठल्या टप्प्यावर शिरू शकतो ते आधी शोधायचे, त्या टप्प्यावर मर्यादा घालायची, ती पाळली जाते का याची रोज नोंद ठेवायची. अमेरिकेने डिसेंबर १९९७ पासून मासळी प्रक्रियेला ही पद्धत बंधनकारक केली. पण बहुतेक ठिकाणी तिची अंमलबजावणी प्रक्रिया कारखान्याच्या दारापाशी सुरू होते. तळे, उबवणी केंद्र आणि खाद्याचे गोदाम दाराबाहेरच राहतात. जिथे धोका शिरतो तिथे वही नाही, आणि जिथे वही आहे तिथे धोका आधीच शिरलेला आहे.

तपासणी नकोच, असा याचा अर्थ कुणी काढू नये. कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल सापडल्यावर युरोपीय संघाने जानेवारी २००२ मध्ये चीनमधून येणाऱ्या प्राणिजन्य मालावर बंदी घातली. जून २००७ मध्ये अमेरिकेने चीनमधल्या शेतीतली कोळंबी, ईल, बासा यांसारखे मासे निर्धोक असल्याचे सिद्ध होईपर्यंत सीमेवर अडवायला सुरुवात केली. या दणक्यांशिवाय निर्यातदार हलले नसते. तपासणी भीती निर्माण करते आणि भीतीचा उपयोग असतो. दुसऱ्या बाजूचा संरक्षणवादाचा आरोपही निराधार नाही. व्हिएतनामी पंगाशियसला, म्हणजे बासाच्या जातीच्या माशाला, 'कॅटफिश' म्हणून विकता येऊ नये असा कायदा अमेरिकेने २००२ मध्ये केला. पुढे त्या माशाची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडून काढून कृषी विभागाकडे दिली गेली, आणि हे बदलणे अनावश्यक असल्याचे तिथल्याच लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले होते. आरोग्याचे कारण पुढे करून बाजार राखला जातो, हे मान्य. पण प्रतिस्पर्ध्याचा हेतू वाईट होता म्हणून आपल्या तळ्यातले नायट्रोफ्युरान चांगले ठरते का? हेतू कुठलाही असो, अवशेष खरा असतो तेव्हा तो आधी आपल्याच माणसांच्या पोटात जात असतो, कारण औषध हाताळणारा मजूर आणि ते पाणी वापरणारे गाव आयातदार देशात राहत नाही.

अवशेष न सापडणे म्हणजे औषध न वापरणेही नव्हे, हा मुद्दा या वादात जवळपास अदृश्य आहे. औषध दिल्यावर मासा काढण्यापूर्वी ठरावीक काळ थांबायचे असते. मासा थंड रक्ताचा असल्याने तो काळ पाण्याच्या तापमानावर मोजतात. युरोपात ५०० अंश-दिवसांचा ढोबळ नियम दीर्घकाळ वापरला गेला, म्हणजे १० अंशांच्या पाण्यात ५० दिवस, २५ अंशांच्या पाण्यात २०. तेवढे थांबले की मांस स्वच्छ निघते, खाणारा निर्धास्त होतो. पण तळ्यातल्या गाळात आणि खालच्या प्रवाहात प्रतिकारक्षम जिवाणू मागे राहिलेले असतात. फक्त मांस पाहणारी तपासणी ही अर्धी हानी बघतच नाही.

साखळीचा पुढचा भाग बर्फाचा. औषधांवर जितके बोलले जाते त्याच्या दशांशही बर्फावर बोलले जात नाही, हे मला अक्षम्य वाटते. शून्य अंशांवर मासा ज्या वेगाने खराब होतो त्याच्या सव्वादोन पट वेगाने तो पाच अंशांवर आणि चौपट वेगाने दहा अंशांवर खराब होतो, असा मत्स्यविज्ञानातला वापरात असलेला हिशेब आहे. ट्यूना, बांगडा यांसारख्या माशांत उशीर झाला तर जिवाणूंमुळे हिस्टामिन हे विषबाधा करणारे द्रव्य तयार होते. ते एकदा झाले की शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, डबाबंद करूनही जात नाही, आणि वासावरून खात्रीने ओळखूही येत नाही. ट्यूनाच्या मांसाला कार्बन मोनॉक्साइड दिला की ते दीर्घकाळ लालभडक राहते. युरोपीय संघ त्याला परवानगी देत नाही, कारण रंग टिकतो पण ताजेपणा नाही. मग 'ग्राहकाने पारखून घ्यावे' हा सल्ला कितपत खरा? ग्राहकाचे डोळे आणि नाक इथे उपयोगी पडत नाहीत. त्याच्या कामाची असते ती फक्त नोंद: मासा केव्हा पकडला, केव्हा बर्फात घातला, मध्ये किती वेळ उघड्यावर होता.

नोंदीचाच दुसरा अर्थ ओळख. ओशियाना या सागर संवर्धन संस्थेने २०१० ते २०१२ दरम्यान अमेरिकेत १,२१५ नमुन्यांची डीएनए तपासणी केली आणि एक तृतीयांश नमुने चुकीच्या नावाने विकले जात होते असे तिला आढळले. ही फसवणूक फक्त खिशाची नाही. २००७ मध्ये शिकागो भागात 'मंकफिश' म्हणून विकलेला विषारी पफरफिश खाऊन लोक आजारी पडले होते. माशाचे नावच खोटे असेल तर त्याच्याबद्दलची बाकीची कागदपत्रे कुणाच्या उपयोगाची?

राहतो सर्वांत अवघड आक्षेप: हे सगळे करायला पैसा लागतो आणि लहान शेतकरी त्यात मोडून पडेल. मत्स्यशेतीचे सुमारे नऊ दशांश उत्पादन आशियात होते आणि त्यात लहान तळेवाल्यांची संख्या प्रचंड आहे. प्रमाणपत्रांची फी, नोंदवह्या, प्रयोगशाळा हे सगळे त्यांच्यावर टाकले तर ते बाहेर फेकले जातील आणि मोठे भांडवल आत येईल. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच खर्च त्यांच्यावर टाकू नये असे माझे म्हणणे आहे. आज खरेदीदार अवशेषमुक्त मालाची अट घालतो, पण भाव मात्र अट न घालणाऱ्याइतकाच देतो. माल नाकारला गेला की नुकसान शेतकऱ्याचे, स्वीकारला गेला की नफा साखळीतल्या वरच्यांचा. ही विभागणी बदलल्याशिवाय कुठलाही नियम तळ्यापर्यंत पोचणार नाही. रोगनिदान, बीजाची तपासणी, पाण्याची आखणी ही कामे सार्वजनिक खर्चाने किंवा निर्यातीवरच्या उपकरातून व्हावीत. शेजारची तळी एका गटात घेऊन नोंद एकत्र ठेवावी, म्हणजे एका वहीचा खर्च तीस जणांत वाटला जाईल. आणि प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकणारा दुकानदार शेतकऱ्याच्या आधी कायद्यापुढे उभा राहावा.

एका गोष्टीवर मात्र वाट पाहण्याचे कारण नाही. परदेशी बंदरात नाकारलेल्या मालाचे पुढे काय होते? कधी तो नष्ट होतो, कधी परत येतो, कधी कमी कडक बंदर शोधले जाते. परत आलेला माल कुठे विकला गेला हे ज्या देशात तो पिकला तिथल्या लोकांना सहसा कळत नाही. युरोपीय संघाची धोक्याच्या सूचनांची यंत्रणा आपल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवते. उत्पादक देशांनीही प्रत्येक परत आलेल्या खेपेची तारीख, नाकारण्याचे कारण आणि तिची अंतिम विल्हेवाट तशीच जाहीर करावी, आणि निर्यातीच्या मालाला लागू असलेली अवशेषांची मर्यादा देशातल्या बाजारालाही त्याच दिवसापासून लावावी. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही, नवा शोधही लागत नाही.